समोरची कड

क्रेमनित्सात बर्फ साचला की टांकसाळीचा भोंगाही
दबक्या आवाजात येतो.
त्या सकाळी भोंग्यामागोमाग ओतीलिया आली,
हातमोज्यात, अंगठ्याच्या कप्प्यात,
एक नाणं घेऊन.

जुना कोरुना, त्र्याण्णवचा. आता त्यात काहीच येत नाही.
एका बाजूला मेरी, कडेवर बाळ,
आणि काठाला कुणीतरी घास घेतलेला,
नखाएवढा.

"बाबा म्हणायचे, टेबलावरून निसटलंय.
नासका माल वेचायला होते ते, तीस वर्षं.
व्हिएन्नाचा एक जण म्हणतो, खरी चूक असेल
तर छपराचे पैसे सुटतील."
मग खुर्चीच्या टोकावर टेकत,
"आणि खरी असेल तर..."
पुढे बोलली नाही.
इथल्या फाटकावर सुटी होताना खिसे उलटे करून दाखवतात.
नासकं नाणं आपल्या पायांनी घरी येत नाही.

मी भिंग पुसलं.
घास पडलेली तबकडी ठशाखाली सापडली
तर अक्षरं मोकळ्या जागेकडे ओढली जातात,
फाटक उघडं दिसलेल्या गुरांसारखी.
आणि घासाच्या बरोब्बर समोर
कड पुसट होते:
इकडून रेटा नाही, म्हणून तिकडून उत्तर नाही.
नवशिके घासच बघत बसतात.

इथे 'प्रजासत्ताक'मधलं शेवटचं अक्षर
ओढलं गेलं नव्हतं. सरळ तुटलं होतं.
घासाच्या आत लोखंड, तांबूस गंजलेलं.
तबकडी आधी कापतात, मुलामा मागून चढतो;
हा घास मुलाम्यानंतरचा.
कानस. बारीक दातांची. तेल लावून, सावकाश.

लोकांना त्यांचं नाणं खोटं आहे हे ऐकवणं,
एवढाच माझा धंदा. जीभ सरावलेली आहे.
तरी मी नाणं फिरवलं.

समोरची कड ठसठशीत होती,
फक्त एका जागी
घासकागदाचे तीन फटकारे,
केसाएवढे, अर्ध्यात सोडलेले.

बाजारातल्या भामट्याला हे सुचत नाही.
समोरचं पुसटपण त्यालाच ठाऊक
ज्याची बोटं नासक्या मालात झिजली.
फसवायचंच असतं तर तो थांबला नसता.
किंवा थकला असेल.
किंवा जेवायची हाक आली असेल.
भिंगात कारणं दिसत नाहीत.

"चूक नाही ही," मी म्हटलं. "घरी केलेली आहे."
"घरी?"
"कानशीनं."
ती बराच वेळ स्टोव्हकडे बघत राहिली.
"म्हणजे तिथून आणलं नव्हतं त्यांनी."
"नाही. पगारातलाच धडका कोरुना असावा."

मग ती हसली, किंवा नाक पुसलं, दोन्ही एकदमच,
आणि मला तिचा पुढचा दात दिसला,
कोपरा उडालेला.
"सात वर्षांची होते. घसरगाडीवरून पडले.
वर्गात चिडवायचे, म्हणून मी शाळेत जाईना.
तेव्हा दिलं त्यांनी हे. म्हणाले,
हेही चुकून झालंय, आणि बघ,
याची किंमत जास्त."

"छपराचं काय?" मी विचारलं.
"बादली ठेवलीय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बघू."

दाखला मात्र तिनं मागून घेतला, शिक्क्यासकट.
मी लिहिलं: टांकसाळीची चूक नाही.
थोडं थांबून, खाली, नियमात नसताना:
काम कसबी हाताचं.

तिनं फी सुट्या युरोंत मोजून ठेवली,
नाणं पुन्हा अंगठ्यापाशी सरकवलं,
आणि दार लोटून गेली.
बर्फाची एक रेघ आत आली तिच्या जागी.

गल्ल्यात टाकण्याआधी, सवयीनं,
मी एकेका युरोची कड फिरवून पाहिली.
सगळे खरे होते.