कोपर

आमच्या घरातल्या एकोणीस फोटोंत एक कोपर आहे.
फक्त कोपर.
आत्याच्या लग्नात मंडपाच्या खांबामागून,
सदूच्या मुंजीत केळीच्या पानांआडून,
चवथीला माटोळीखाली सगळे ओळीनं उभे
आणि डाव्या कडेला, चौकटीनं छाटलेलं.
अठरांत दुमडलेली बाही आहे,
एकात नुसतीच कातडी.
त्या दिवशी उकडत असेल.

गुणाजीकाका.
फोटोग्राफर म्हणायचा, तुम्ही जरा बाजूला व्हा.
त्याला तसं म्हणायला कोणीतरी सांगितलेलं असायचं.

काका सोप्यावर बसून खाणीचे ट्रक लिहायचा.
नंबर, वेळ, भरलेला की रिकामा.
छत्तीस वह्या.
डिचोलीत पाहुणे आले की त्याला मागच्या पडवीत नेत,
तिथून रस्ता दिसत नसे,
मग तो आवाजावरून लिही.
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
त्यानं पानांवर नुसत्या तारखा घातल्या.
तारखेपुढे काही नाही. पुढच्या ओळीवर पुढची तारीख.

माझं नाव सुलक्षा.
प्रगतिपुस्तकात दर वर्षी लाल शाईत: लक्ष नाही.
बाईंनी एकदा ते नावासकट मोठ्यानं वाचलं, वर्ग हसला.
लक्ष होतं, बाई.
पंख्याच्या तिसऱ्या पात्यावर होतं, ते इतर दोघांहून वाकडं होतं.
फ्रॉकच्या मानेमागे टोचणाऱ्या चिठ्ठीवर होतं.
शेजारच्या वर्गात घासणाऱ्या खडूवर होतं,
इतकं, की दात आवळून मी घरी यायचे
आणि जेवणाच्या ताटापुढे कान झाकायचे.
आई म्हणायची, काय ही अवलक्षणं.

त्रेचाळिसाव्या वर्षी पणजीत,
आल्तिनोच्या चढावरच्या दवाखान्यात,
डॉक्टरीण कागदावर खुणा करत गेली
आणि म्हणाली, ही लक्षणं.
मधला ‘अव’ कुठे गळून पडला
दुधाच्या दातासारखा,
मी खुर्चीखालीही पाहिलं.

ऑटिझम हा शब्द मी घरी आणला
मासळीच्या पिशवीसारखा,
अंगापासून जरा लांब धरून.
आई विळीवर तिसऱ्या उघडत होती.
वर न बघता म्हणाली,
आमगेर असलें कोणाक ना.

मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही,
शब्द उशिरा येतात, रात्री दोनला.
मला कापता येतं.

प्लायवूडवर काकाच्या वह्यांची पानं लावली,
रस्त्याकडेची तांबडी धूळ गोंदात कालवून फासली,
आणि एकोणीस कोपरं.
कशीही मांडली तरी माणूस होईना.
मग सोप्यावर काकाच्या जागी बसले,
कॅमेरा टायमरवर,
माझ्या कोपराचा फोटो काढला, त्याच उंचीला.
हाड तिथंच वळतं. तेवढंच वळतं.
ते विसावं.

आई चष्मा पुसत आली. बराच वेळ उभी राहिली.
मला वाटलं विचारेल, हे कसलं चित्र.
तिनं ओल्या बोटानं एका तुकड्याला हात लावला,
बाही नसलेल्या.
हे भाऊजींचं नव्हे, म्हणाली. हे माझं.
त्या दिवशी ताशाचा आवाज सहन होईना त्यांना,
मी त्यांच्याजवळ बाहेर उभी होते.
मग थोडं थांबून:
आणि बाह्या मी दुमडायचे.
मनगटाला कापड लागलं की ते जेवत नसत.

एवढं सगळं तिला ठाऊक होतं.
मी तिचं कोपर उचकटून बाजूला ठेवलं,
खळ अजून ओली होती,
मग परत तिथंच चिकटवलं, जरा तिरकं बसलं.

बाहेरून चिऱ्यांचा ट्रक गेला.
दोघींनीही नंबर वाचला.
आईनं मोठ्यानं.