नऊ लिटर

एकतीस वर्षं मी उलियास्तायच्या शाळेत बीजगणित शिकवलं.
आता पेन्शनच्या कामाला निघालेय,
गोंबोजावच्या ट्रकमध्ये, मांडीवर थर्मास,
मागे कातड्यांचे गठ्ठे,
आणि हा माझा जुना विद्यार्थी खो खो हसतोय:
"बाई, बावीस वर्षं गाडी हाकतोय,
या रस्त्यावर लांडगा भेटला, पोलीस भेटला,
एकदा तर वाट चुकलेली वरातही भेटली.
तुमचा क्ष काही अजून भेटला नाही."

मी काय बोलणार?
मटण घेताना मीही कधी अवयव पाडले नाहीत.
वर्गसमीकरणावर माझी चूल पेटली नाही,
ती पेटली शेणीवर.
नवरा गेला तेव्हा दोन्ही बाजूंतून
एकच पद वजा झालं,
बरोबरी मात्र काही राहिली नाही.

संध्याकाळी खिंडीखालच्या खानावळीशी थांबलो.
रेडिओ म्हणाला, रात्री उणे चाळीस.
गोंबोजावनं रेडिएटरखाली घमेलं सरकवलं.
"तिसरा हिस्सा काढायचा, तेवढंच अस्सल कूलंट ओतायचं.
अठरातले सहा. मामाचा नियम.
मामा कधी गोठला नाही."

"आत आत्ता काय आहे?"
"कूलंटच की."
"किती?"
तेव्हा तो जरा घुटमळला.
हिवाळ्याआधी नळी फुटली होती, अर्धं सांडलं होतं,
त्यानं ओढ्याचं पाणी भरून वेळ मारून नेली होती.
मामाच्या नियमात ओढा नव्हता.

काचेवर आतून हिमाचा पापुद्रा धरला होता.
मी नखानं लिहिलं.
दहात दोन भाग उरलेत, हवेत सहा:

२(१८ − क्ष) + १०क्ष = १०८

आणि मागे तीस पोरं बसल्यासारखी मोठ्यानं म्हणाले,
पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.
८क्ष = ७२.
"नऊ. अर्धं काढ."

"नऊ लिटर! बाई, भाव माहीत आहे का कूलंटचा?"
भाव मला माहीत नव्हता. तो समीकरणात नव्हता.
खानावळवाली ओदवाल दारातून ओरडली,
"ओत रे तिला हवं तेवढं,
म्हातारी आहे, थंडी वाजत असेल."

कुरकुरत का होईना, ओतले त्यानं.

पहाटे तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.
"सहा घालूनही लागलं असतं," तो म्हणाला.
असेल.
सहा लिटरवाला ट्रक त्या अंगणात उभाच नव्हता,
त्याचा ताळा कुणी आणि कुठे करावा?
वर्गात मी बजावून सांगायचे,
ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.
आम्ही रेघ न मारताच निघालो.

हीटर तापला. काचेवरून आधी १०८ गेले, मग कंस.
नऊ बराच वेळ ओघळत राहिला.

खिंडीच्या माथ्यावर, माझ्याकडे न बघता,
गोंबोजावनं विचारलं,
"आणि अठराऐवजी बावीस मावत असतील तर?
धाकट्या भावाची गाडी आहे.
तिच्यातही ओढाच आहे."

मी थर्मासचं झाकण लावलं, नख पुढे केलं.
काच तोवर लख्ख झाली होती,
लिहायला काही उरलं नव्हतं,
पलीकडे नुसते डोंगर.

"समजा," मी म्हटलं.