चार उभ्या, एक आडवी

चौथ्या वळणावरच्या खोक्यात मी बसते.
पत्र्याचं छप्पर, फळीचं टेबल, एक पिवळी पेन्सिल.
शनिवारची रात्र. वारा उलटा फिरला
की कागदगिरणीचा उकडलेल्या कोबीसारखा वास
तळलेल्या कांद्यावर मात करतो.
पाव मैलाचा डांबरी लंबगोल, भोवती मका,
मक्यापलीकडे विस्कॉन्सिनचा उरलेला अंधार.

तीन उन्हाळ्यांपूर्वी लव्हर्नने यंत्र बसवलं.
प्रत्येक गाडीच्या पोटात काड्यापेटीएवढी डबी,
रस्त्याखाली तार. गाडी गेली की टिंग.
"आर्लिस, आता तू नुसती शर्यत बघ."
मला नुसतं बघता येत नाही.
तेहतीस वर्षं मोजलंय: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
एक जुडी. पन्नास फेऱ्या म्हणजे दहा जुड्या.
ऑरिन घरी नवरा होता, इथे अडतीस नंबर.
एकदा मी त्याला एक फेरी कमी दिली.
बरोबर दिली.
आठवडाभर तो ताटाशी बोलत जेवला.

आज अडतीसमध्ये रोंडा आहे.
बापाचाच नंबर, बापाचाच उतावळा उजवा पाय.
हिरवं निशाण,
आणि चोवीस गाड्या एकदम घसा खाकरतात,
माझ्या कॉफीत वर्तुळं उठतात.
इथे सगळं डावीकडेच वळतं.
गाड्याही तशाच बांधलेल्या, वजन डाव्या अंगाला,
उजवी चाकं बोटभर मोठी.
सरळ रस्त्यावर सोडल्या तर बिचाऱ्या
पहिल्या कुंपणात जाऊन बसतील.
पंधरा सेकंदांना फेरी. शिंकायलाही सवड नाही.

बाविसाव्या फेरीला विझ्नेस्कीच्या पोराची बारा नंबर
तिच्या मागच्या कोपऱ्याला लागली.
लागली की लावली, त्याचं त्याला ठाऊक.
अडतीस गरकन फिरली, भिंतीला खांदा घासला.
पिवळं निशाण.
चाकात पत्रा रुतलेला. पिटमध्ये शिरताना जागा चुकली,
तार ओलांडून पुढे गेली,
पोरांनी ढकलत मागे आणली,
हातोडा, चिकटपट्टी, पुन्हा बाहेर.
यंत्राला पुढे काय आणि मागे काय,
पडद्यावर तिच्या नावे एक फेरी फुकट जमा झाली.
मी एकच रेघ ओढली.

पुढचं मी नीट पाहिलं नाही, मोजत होते.
लोकांच्या ओरडण्यावरून कळत होतं:
शेपटापासून एकेक गाडी, तीही बाहेरच्या अंगाने,
जिथे रबराचा चुरा वाळूसारखा पसरलेला असतो
आणि शहाणं माणूस जात नाही.
शेवटच्या वळणावर बारा आणि अडतीस
एकाच दारातून घुसणाऱ्या भावंडांसारख्या
खांद्याला खांदा घासत आल्या.
अडतीस नाकभर पुढे.
चौकड्यांचं निशाण. कांदेवाला झारा हलवत नाचला.

माझ्या कागदावर बारासमोर दहा जुड्या.
अडतीससमोर नऊ,
आणि चार उभ्या.

कोणी विचारणार नव्हतं.
तीन उन्हाळ्यांत कोणी विचारलं नव्हतं.
पेन्सिलीला टोक होतं. आडवी रेघ ती केवढी, दीड पेर.
ऑरिन काय म्हणाला असता ते मला माहीत आहे,
म्हणून मी त्याला मध्ये आणलं नाही.

खाली रोंडा गाडीच्या टपावर उभी होती.
चषक हातात यायच्या आधी तिने वर पाहिलं,
माझ्या खोक्याकडे.
मग उतरली, लोखंडी जिना चढून आली,
केस कपाळाला चिकटलेले, अंगाला जळक्या रबराचा वास.
"आई, तुझ्याकडे किती?"

मी कागद तिच्याकडे फिरवला.
हातमोज्याचं जाड बोट जुडीवरून जुडीवर गेलं.
आकडे ती शाळेच्या आधी याच कागदांवर शिकली होती.
नवव्या जुडीपुढे बोट थांबलं.
"पिटमध्ये," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

लाऊडस्पीकर तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता.
तिने माझी थंडगार कॉफी घोटभर प्यायली,
तोंड वाकडं केलं,
आणि कागद घेऊन लव्हर्नकडे निघाली.
दोन पायऱ्या उतरली, परत आली.
"पेन्सिल पण दे.
त्याला जुडी कशी बांधतात तेच माहीत नसेल."