एकच जागा

सोहारच्या किनाऱ्यावर आमचा कारखाना
समुद्राचं पाणी गोडं करतो.
मीठ एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, काम एवढंच.
बावीस वर्षं तेच करतोय, म्हणून असेल,
वरच्यांना वाटलं, माणसंही मला निवडता येतील.

जागा एक. शिफ्ट इन्चार्ज, रात्रपाळी.
उरले दोघे.
टेकबहादूर घर्ती, रोल्पाचा, अकरा वर्षं कतारात.
हनीफ परकार, हर्णैचा, अकरा वर्षं कुवेतमध्ये.
डिप्लोमा तोच, सर्टिफिकेट तेच,
लेखी परीक्षेत अठ्ठ्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर.
नस्रा मॅडमनी बेरीज पुन्हा करून पाहिली
आणि कागद माझ्याकडे सरकवले:
तुमच्या हाताखाली राहणार, तुम्हीच सांगा.

मी विचारलं, रात्री अडीचला प्रेशर चढलं,
फोन कुणी उचलत नाही. तर?
टेकबहादूर म्हणाला, आधी पंप बंद, मग फोन.
हनीफ म्हणाला, आधी पंप बंद, मग फोन.
आणि चूक तुमचीच असली तर?
इथे दोघेही थांबले,
घड्याळ लावून मोजलं असतं तर
तेही सारखंच भरलं असतं.

हनीफशी मी इंग्रजीतच बोललो, जरा कडकच.
टेबलावर माझ्या नावाची पाटी, सकपाळ.
त्याने ती वाचली,
आणि वाचल्याचं मला दिसू दिलं नाही.
पण आत यायच्या आधी कॉरिडॉरमध्ये
तो फोनवर कुणाला तरी सांगत होता,
झालं की कळवतो, तुम्ही जेवून घ्या.
ते 'जेवून घ्या' माझ्या कानात बसून राहिलं.
त्याबद्दल मनातल्या मनात दोन गुण दिले त्याला
आणि त्याचबद्दल दोन कापले.

दाराजवळच्या कूलरचा नळ गळतो.
वॉशर गेलाय, मला तीन आठवडे माहीत आहे.
हनीफ आधी होऊन गेला.
टेकबहादूर नंतर. जाता जाता त्याने,
मान न वळवता, नुसत्या अंगठ्याने
नळ दाबून फिरवला.
टपटप थांबली.
माझं ठरलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जबाबदारीची जाणीव.
अक्षरसुद्धा चांगलं आलं.

जेवताना, डाळीत चमचा तसाच राहिला.
तो नळ एरवी गळत नाही,
कुणी पाणी पिऊन अर्धवट सोडला तरच गळतो.
हनीफ गेल्यावर आणि टेकबहादूर यायच्या आधी
पाणी प्यायला उठलो होतो
मी.

फॉर्म तोवर सहीला गेला होता.
दोन मजले वर. लिफ्ट चालू होती.
परत आणून त्यावर लिहायचं काय,
नळ मीच सोडला होता?
मग टेकबहादूरने काय वाईट केलं?
आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी,
जिथे आमच्या टाकीत गाळ साठतो तिथे,
एक वाक्य निवांत पडून होतं:
सकपाळने आपला माणूस घेतला,
असं आता कँटीनमध्ये कुणी म्हणणार नाही.
मी उरलेली डाळ संपवली.

चार वाजता स्वतःच खाली गेलो.
हनीफने ऐकून घेतलं. फाइल बंद केली,
तिच्यावर रबर चढवला, काढला, पुन्हा चढवला.
मग हळू, मराठीत:
"काही कमी पडलं का, साहेब?"
"नाही हो," मी म्हणालो. "जागाच कमी पडली."
खरं होतं ते.
खोटं बोलायला सगळ्यात सोयीचं खरं.

त्याने मस्कतच्या बसचं विचारलं.
मी दार उघडून धरलं. बाहेर ऊन
उकळून आटलेल्या पाण्यासारखं, पांढरं.
"त्या राउंडअबाउटला वळसा घाला,
मशिदीपाशी डावीकडे. सव्वापाचची मिळेल.
सावलीसावलीनं जा."

दिवसभरातलं माझं सगळ्यात लांब मराठी.
तो मान हलवून निघाला.
त्या रस्त्याला सावली नाही,
बावीस वर्षांत कधी नव्हती.