चौथं बोट

त्या हिवाळ्यात त्बिलिसीत वीज नव्हती.
शेजारच्या झुराबने आधी खुर्च्या जाळल्या,
मग जमिनीच्या लाकडी पट्ट्या,
मग जिन्यात भेटला की
माझ्या पियानोची चौकशी करू लागला,
आजारी नातेवाइकाची करावी तशी.

लामाराबाई चार मजले चढून यायच्या,
ओव्हरकोट न काढताच बसायच्या.
माझ्या हातमोज्यांची टोकं त्यांनीच कातरलेली,
बोटं तेवढी उघडी,
रॉकेलच्या धुरात पांढरी पडलेली.
हाताच्या पाठीवर एक कोपेक ठेवायच्या.
ज्या राज्याचं ते नाणं, ते राज्य बुडालं होतं;
त्या कोपेकचं आता काडेपेटीतली काडीही येत नव्हती.
'पडलं तर पहिल्यापासून.'
पडायचंच.

कारण चौथं बोट.
अंगठा दांडगा, त्याच्या शेजारचं शहाणं,
मधलं उंच म्हणून ताठ,
करंगळी शेंडेफळ, तिला सगळं माफ.
चौथं मात्र शेजाऱ्यांना धरल्याशिवाय उठत नाही.
आमच्या भाषेत त्याला म्हणतातच 'न-बोट'.
कुठे कुठे म्हणे अनामिका म्हणतात.
'नाव नाही, म्हणून आवाजही नको का?'
बाई ओरडायच्या,
शब्दांआधी वाफ यायची.

पाचनंतर कागद दिसेनासा व्हायचा.
एक अख्खी फ्यूग मी अंधारात पाठ केली.
चारांतला एक आवाज बाई गुणगुणायच्या,
उरलेले तीन माझ्यावर.
आजही ती वाजवताना नाकात रॉकेल भरतं.
समीक्षक लिहितात: लख्ख, सूर्यप्रकाशी वादन.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच.
गेंटच्या एका स्पर्धेत चौथी आले.
फोनवर बाई कितीतरी वेळ हसत होत्या.

मग सत्तावीस वर्षं.
व्हायोलिनवाला आपलं वाद्य कुशीत घेऊन विमानात बसतो,
मला गावोगावी परक्या पियानोपाशी नांदायला जायचं.
एकाचं पेडल कण्हतं,
एकाच्या वरच्या पट्ट्या काचेसारख्या कडक,
एक इतका गोड की काही खरं बोलतच नाही.
दुपारी दोन तास ओळख,
रात्री सगळ्यांसमोर संसार,
सकाळी सहाची गाडी.

हॉल केवढा होता, लोक उभे राहिले का,
बाईंनी कधीच विचारलं नाही.
'चौथं?'
'वाजलं.'
'बरं.'
आणि फोन ठेवायच्या,
माझे मिनिटाला किती पडतात ते त्यांना माहीत होतं.

गेल्या मार्चपासून तो नंबर कुणी दुसरंच उचलतं.

आता बर्गेनमध्ये, बुधवारी, अकरा वर्षांचा आयविन.
माझं चौथं आताशा सकाळी दुखतं,
त्याचं अजून उठतच नाही.
त्याच्या हातावर मी एक क्रोनचं नाणं ठेवते,
मधे भोक असलेलं.
तिसऱ्याच मापाला ते उडतं,
घरंगळत पियानोच्या पोटाखाली जातं.
आम्ही दोघं गुडघ्यांवर,
तो टॉर्च धरतो, विचारतो,
तुमच्या वेळी टॉर्च होता?
नव्हता, मी म्हणते.
पण नाणं कधी हरवलं नाही.
त्याचं काही येतच नव्हतं ना.