किरकोळ खर्च

माघातली रात्र. गार पडली
आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी,
टिनावर, टिनावर, टिनावर,
आणि थांबली एकदम,
लग्नातला जनरेटर बंद पडावा तशी.

पहाटे दार उघडलं तर
चिंचझिरीचा रस्ता पांढरा.
खड्डा नाही, गिट्टी नाही,
मी रुजू झाल्यापासून इतका सपाट
तो कधीच दिसला नव्हता.

मुक्कामी एसटी पाराजवळ उभी.
ड्रायव्हर म्हणाला, "चाक धरत नाही, मॅडम."
दुधाच्या कॅना ओळीनं,
नववीच्या पोरी हात काखेत घालून,
आणि वळणावर बाभूळ आडवी,
काट्यांसकट गोठलेली.

मी फोन लावले.
बांधकाम विभाग म्हणाला, दगडापर्यंत आमचा.
जिल्हा परिषद म्हणाली, दगडापासून आमचा.
दगड कुठे आहे?
दगड गारांखाली.

तहसीलमधून विचारणा झाली,
नुकसान किती हेक्टर?
म्हटलं, साडेचार किलोमीटर.
म्हणाले, हेक्टरात सांगा.

तेवढ्यात गोमाजी उईके आले.
मैलकुली. निवृत्तीला सहा वर्षं झाली,
जागा अजून भरायची आहे.
कानाला मफलर, अंगात बायकोचं स्वेटर,
खांद्यावर तेच फावडं,
दांड्यावर खात्याचा पुसट नंबर.
चालत गेले, थांबले, दोन पावलं मागं आले,
फावडं मारलं.
टण्ण वाजलं.
"हा घ्या तुमचा दगड."

मी पुस्तकातलं विचारलं, मीठ टाकायचं का?
"मीठ भाजीत टाका, बाई.
इथं राख पायजे."

मग राख आली.
टोपल्यात, सुपात, पेंडीच्या फाटक्या पोत्यात,
कालच्या भाकरीची, परवाच्या आंघोळीच्या पाण्याची,
मधेच एखादा निखारा, अजून जिवंत,
गारेवर पडून चुर्र करणारा.
सरपंच वनमालाबाई ढेंगळे
पदर तोंडाला लावून बादली घेऊन आल्या,
आणि जिच्याशी त्या निवडणुकीपासून बोलत नव्हत्या
ती छबू त्यांच्या मागोमाग, घमेलं घेऊन.
त्या दिवशीही बोलल्या नाहीत.
राख मात्र एकाच वळणावर टाकली.

गोमाजी पुढे, फावड्यानं ओरखडत,
"इथं जास्त टाका, इथं उतार हाये,
इथं मोरी हाये खाली, दिसत नाही,
पन हाये."
सव्वीस वर्षं जो रस्ता त्यांनी पायानं मोजला
तो त्यांना झाकलेलाच जास्त पाठ होता.

खरं सांगायचं तर
अकरापर्यंत ऊन सगळं घेऊन जाणारच होतं.
पण एसटी साडेसहाची होती.
आठ वाजून दहा मिनिटांनी ती हलली,
राखाडी पट्ट्यावरून, पहिल्या गियरमध्ये,
गोमाजी तिच्यापुढे चालत
हात मागे करून खुणावत,
जसं कुणी बुजऱ्या बैलाला नदीतून नेतं.

चौथ्या दिवशी कनिष्ठ अभियंता आले.
"कुठे आहे बर्फ?" म्हणाले.
ओल्या डांबराचा फोटो काढला.

मी नोंदवहीत लिहिलं:
करवतीचं पातं एक, चहा बेचाळीस,
राख अंदाजे पंधरा टोपली, रुपये शून्य.
पुराला शीर्ष आहे, टंचाईला आहे,
गारेला सापडलं नाही, म्हणून
किरकोळ.
लेखापरीक्षकांचा आक्षेप आला,
शून्य रुपयांच्या वस्तूची नोंद कशासाठी?
त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

परवा गोमाजी कागद घेऊन आले.
खात्याचं पत्र,
शासकीय फावडं एक, त्वरित जमा करावे.
बातमी वर पोहोचली होती तर, एवढी तरी.
"काय लिहू?" मी विचारलं.
ते बराच वेळ खिडकीतून
रस्त्याकडे बघत राहिले.
"लिहा," म्हणाले,
"माह्या जागेवर मानूस आला
का त्याच्या हाती देतो."