मागची सीट

दस्तगीर शिकलगारनं आधी गाडीला हात लावलाच नाही.
मालगाव रस्त्याला, वजनकाट्याच्या सावलीत
पालथ्या क्रेटवर बसून तो नुसता विचारत राहिला:
फ्यूज जातो तेव्हा गाडी उभी असते का चालू?
डावीकडं वळताना? खड्ड्यात? का थंडीत?
मी म्हणाले, कधीही जातो.
हॉर्न आणि आतला दिवा, दोन्ही एकदम.
दोन महिन्यांत अकरा फ्यूज. डबीच घेऊन ठेवलीय.
"कधीही असं काय नसतंय, मॅडम,
तुमाला दिसलं नाही, एवढंच."

पद्मिनी शहाऐंशीची. रंग मूळचा पिस्ता,
आता कुठला ते आरसी बुकात वाचायचं.

मग त्यानं फ्यूज उपसून त्या जागी
इंडिकेटरचा एक बल्ब लटकवला दोन वायरींवर,
हॉर्नच्या पिना काढल्या, छतातला दिवा काढला.
आता ह्यो विझलेलाच राहिला पायजे, म्हणाला,
पेटला तर समजायचं
करंट वाट सोडून पत्र्यात उतरतोय.

राहिला विझलेलाच.
स्टिअरिंग गरागरा फिरवलं, दारं आपटली,
डॅशबोर्डखाली उताणं निजून
वायरींच्या जटेत बोटं घातली, एकेक हलवली.
बल्ब कोरा.
आरगेकडून पानांचा टेम्पो आला, गेला.
चहा आला. चहा संपला.

शेवटी कंटाळून बिरू, हाताखालचं पोरगं,
मोबाईल घेऊन मागच्या सीटवर आडवं झालं
आणि बल्ब भक्कन पेटला.

"ऊठ."
विझला.
"बस."
पेटला.
"मधी सरक."
विझला.
"डावीकडं, डावीकडं."
बिरूला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.
तो पँट झाडायला लागला.

"मागं कोण बसतं तुमच्या?"
आई, म्हणाले, आणि मला हसूच फुटलं.
गुडघा बदलल्यापासून पुढं पाय मावत नाही तिचा.
मागं बसते, डावीकडं, सगळा भार टेकवून,
आणि बेडगपासून मिरजेपर्यंत सांगत राहते:
हॉर्न दे. म्हैस बघ.
हॉर्न दे की गं, हात मोडलेत का?

सीट उचलली. काथ्याचा भुगा,
चार आण्याचं नाणं, जनावराच्या कानातला पितळी बिल्ला,
आणि फ्यूजच्या पेटीतून निघून, कुणाला न विचारता
डिकीकडं गेलेली एक लाल वायर, कंपनीची नव्हे.
मधे जोड. जोडावर काळी टेप नाही,
चिकटपट्टी, दवाखान्यातली,
तिरकी, अर्ध्यावर अर्धी चढवत नेलेली,
मोडक्या शिंगाला बांधतात तशी.
स्प्रिंगचं टोक बरोबर तिच्यात रुतलेलं.
तांबं उघडं.

"मिस्त्रीचं काम न्हवं हे," दस्तगीर म्हणाला.
पण बोट फिरवून बघितलं त्यानं दोनदा.

जनावरांची डॉक्टर ती. रात्री कुणाचं वासरू अडलं की
गाडी उलटी लावायची गोठ्याच्या तोंडाशी,
डिकी उघडायची, दिवा हुकाला टांगायचा.
ती खांद्यापर्यंत हात आत घालून,
मी या सीटवर, चादरीत, पाठीमागं उजेड.
माझं वजन तेव्हा अठरा किलो.
तेवढ्यानं स्प्रिंग दबत नाही.

फोन लावला.
"मी? चिकटपट्टीनं? काहीतरीच बोलतेस."
मग थोडा वेळ तिच्याकडचा पंखाच ऐकू आला.
"दिवा लागतो का गं तो अजून?"
होल्डर रिकामा होता. बघते, म्हणाले.

"कापून टाकू का? तुमाला काय उपयोग?"
नको. पाइपातून न्या. फ्यूज वेगळा द्या.
त्यानं बिरूकडं बघितलं. बिरूनं पाइप आणला.

संध्याकाळी चौघं झालो गाडीत, काट्यावरचा माणूसही
उगाच येऊन बसला, मागं, डावीकडं, भरभक्कम.
मालगावच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो.
रस्त्यात म्हैस नव्हती, माणूस नव्हतं.
तरी हॉर्न दिला.